गाडी का बसते?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या वर्धा जिल्ह्यात गाडी बंद पडत नाही, ती 'बसते'. ऊन सोसेनासे झाले की औताचा बैल जसा तासात बसकण मारतो आणि शेपूट पिळले तरी उठत नाही, तशीच. बैल आणि मोटार यांचे नाते आमच्याकडे जुनेच आहे. जमनालालजी बजाज यांच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर चालवत आणि तिला थट्टेने 'ऑक्सफर्ड' म्हणत, अशी गोष्ट वर्ध्यात अजून सांगतात. गाडी दुरुस्त करण्याचा तो एक मार्ग झाला. आज मला दुसऱ्या मार्गाविषयी बोलायचे आहे.

मी मेकॅनिक नाही. कविता लिहितो. पण जुन्या गाड्यांविषयी चार गोष्टी मला शिकाव्या लागल्या, आणि त्या का शिकाव्या लागल्या ते आधी सांगतो.

१९९१ चा मे महिना. आम्ही तेव्हा आर्वीला राहत होतो. अब्बांनी सेकंडहँड फियाट घेतली होती. म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण फियाटच म्हणत सगळे. अम्मीला दम्याचा त्रास होता. त्या दिवशी दुपारी तो इतका वाढला, की तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचे ठरले. मी नुकतीच गाडी शिकलो होतो. अब्बा मागे अम्मीला धरून बसले आणि मी चालवायला. खरांगणा मागे पडले आणि आंजीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि ती बसली. मी सेल्फ मारला. पुन्हा मारला. मारतच राहिलो. पाच-सात मिनिटांत बॅटरी उतरली आणि सेल्फचा आवाजही बंद झाला. अम्मीला कडुनिंबाखाली बसवले. तिचे ओठ निळे पडत चालले होते. मी बी.ए.ला होतो, कोणत्या वृत्तात किती मात्रा हे मला पाठ होते, पण गाडीचा पेट्रोल पंप कुठे असतो हे ठाऊक नव्हते.

शेणखताची बंडी घेऊन एक म्हातारा शेतकरी चालला होता. त्याने पूर्वी कुणाचा तरी ट्रॅक्टर चालवला होता. तो उतरला, बॉनेट उघडायला लावले, आत नुसता हात धरून पाहिला आणि म्हणाला, "गरमीनं पेट्रोल उकयलं जी. पंपावर वलं फडकं टाका न भाऊ." त्यानेच आपला दुपट्टा मडक्यातल्या पाण्यात भिजवून इंजिनाच्या अंगाला चिकटलेल्या त्या वाटीएवढ्या पंपावर घातला. दहा मिनिटे थांबायला लावले. मग त्याने आणि अब्बांनी मागून धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी उठली. अम्मी वाचली, पुढे बरीच वर्षे जगली. पण त्या पाऊण तासात अब्बांनी माझ्याकडे एकदा पाहिले होते, ते मला विसरता आले नाही. ते काही बोलले नाहीत. परीक्षा संपल्यावर त्यांनी मला गावातल्या गॅरेजमध्ये उस्तादांकडे नेऊन बसवले आणि म्हणाले, महिनाभर येईल, पाने उचलेल.

झाले होते ते असे. पेट्रोल हे एकच एक द्रव्य नसते, अनेक द्रव्यांचे मिश्रण असते, आणि त्यातले हलके भाग चाळीस-पन्नास अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळिशीला जातो. बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करा. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंप इंजिनालाच लागून असतो. त्यात आणि नळीत पेट्रोलाची वाफ भरली, की पंप वाफ ढकलू शकत नाही, कारण वाफ नुसती दबते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. उपाय म्हाताऱ्याने केला तोच: सावली, थोडा वेळ, पंपावर आणि नळीवर ओले फडके. फडके म्हणतो आहे, पाण्याची बादली नव्हे. तापलेल्या बिडाच्या इंजिनावर गार पाणी ओतले तर ते तडकू शकते, आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेले तर ठिणगीही गेली. आणि मी केले ते करू नका. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

उस्तादांचे एक वाक्य होते, "पहले सुन, फिर खोल." पाना हातात घेण्याआधी ते चहाचा कप घेऊन गाडीभोवती एक फेरी मारत. वास घेत. मालकाला विचारत, कधी बसली, सकाळी की दुपारी, चढावर की सिग्नलला, आधी आचके दिले की एकदम मेली? माझे मत असे, की निम्मा दोष या प्रश्नांतच सापडतो. आचके देत बंद पडली तर बहुधा पेट्रोलाचा रस्ता अडला आहे. दिवा विझावा तशी एकदम मेली तर बहुधा ठिणगी गेली आहे. हा काही अटळ नियम नाही, पण कुठून सुरुवात करायची ते त्यावरून कळते.

गाडी सुरूच होत नसेल तर पहिला प्रश्न, सेल्फ फिरतो का? नुसते 'टक्' होत असेल तर हेडलाइट लावा आणि पुन्हा सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना, ती बुरशी नसून क्षार असतात, आणि ते वीज अडवतात. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, घासा, घट्ट आवळा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा. कितीतरी लोकांनी चांगल्या बॅटऱ्या या एका कारणासाठी बदललेल्या मी पाहिल्या आहेत. दिवे झगझगीत राहिले आणि सेल्फ मात्र हलला नाही, तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी भराभर आटते. ज्या बॅटरीला झाकणे असतात तिच्यात दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर पाहावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नये.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन उचलत नाही, तेव्हा दोनच शक्यता उरतात. पेट्रोल नाही किंवा ठिणगी नाही. ठिणगी पाहण्यासाठी एक प्लग काढून त्याच्या टोपीतच ठेवायचा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवायचा, रबरी मुठीच्या पक्कडने धरायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. पेट्रोल सांडले असेल तिथे हा प्रयोग करू नका. निळी, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली ठिणगी वाईट. मुळीच नसेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून पॉइंट पाहा. तेच दोन छोटे तुकडे दर ठिणगीला उघडतात आणि मिटतात, त्यामुळे ते जळतात, काळे पडतात. बारीक पॉलिश पेपरने पुसले तर गाडी घरापर्यंत येते. त्यांच्यातली फट साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर लागते. ती मोजायला फिलर गेज असते. ते नसेल तेव्हा उस्ताद काडेपेटीचा पुठ्ठा घालत आणि म्हणत, हा अंदाज आहे, घरी जाऊन नीट माप घे. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर गेला समजा. पावसाळ्यात नदी-नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली आणि बंद पडली, तर टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसणे एवढाच इलाज बहुतेक वेळा पुरतो.

काढलेला प्लग फेकू नका, वाचा. तांबूस-करडा असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक. काजळी धरलेला कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते, किंवा एअर फिल्टर धुळीने भरला आहे. तेलकट काळा असेल तर इंजिन ऑइल वर येते आहे, म्हणजे रिंगांचे किंवा वाल्वच्या सीलचे काम निघाले. पेट्रोलाने ओला असेल तर गाडी 'ओव्हर' झाली, चोक जास्त ओढला गेला. अशा वेळी चोक बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

चार सिलिंडरपैकी एक काम करत नसेल तर गाडी 'मिसिंग' करते. फियाटमध्ये ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा. मला हा क्रम फार लवकर पाठ झाला, कारण तो ओळीच्या मात्रांसारखा कानात बसतो, आणि एक मात्रा गळली की ओळ लंगडते तसेच इंजिन लंगडते. कोणती मात्रा गळली ते शोधायला उस्ताद गाडी सुरू ठेवून एकेका प्लगची टोपी क्षणभर काढत. काढल्यावर इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर रोगी तोच. पण ही युक्ती पॉइंटच्या जुन्या गाड्यांपुरती, आणि तीही इन्सुलेशन असलेल्या पक्कडने, कारण झटका जबर बसतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत असे केलेत तर कॉइल जळून खर्च वाढेल.

आता तापण्याविषयी. विदर्भात हा विषय सविस्तरच सांगायला हवा. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगावजवळ सत्याग्रही घाट आहे. सह्याद्रीतले लोक त्याला घाट म्हणणारही नाहीत, पण उन्हाळ्यातल्या दुपारी भरलेल्या जुन्या गाडीला तो पुरतो. काटा लाल पट्टीकडे सरकला की आधी एसी बंद करा. हीटर असेल तर तो पूर्ण लावा आणि काचा खाली घ्या. मे महिन्यात हीटर म्हटल्यावर लोक माझ्याकडे वेड्यासारखे पाहतात, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची उष्णता तुमच्या अंगावर घेतो. तरीही काटा उतरला नाही तर सावलीत थांबा, इंजिन बंद करा.

आणि रेडिएटरचे झाकण उघडू नका. हे मी मोठ्या आवाजात सांगतो आहे असे समजा. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि ते सगळे पाणी एका क्षणात उसळून वाफ होते. आमच्या गॅरेजमधल्या एका पोराचा हात कोपरापर्यंत असाच भाजला. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. किमान अर्धा तास थांबा. वरचा होज पाईप हाताला सोसवू लागला की मग जाड फडके धरून झाकण आधी थोडे फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. पाणी घालताना इंजिन सुरू ठेवून हळूहळू घाला.

तापण्याची कारणे बरीच. फॅन बेल्ट सैल किंवा तुटलेला. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण बोटाच्या जाडीएवढा दबावा, जास्त नको. वॉटर पंपातून गळती. इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याचा फ्यूज किंवा स्विच. पण आमच्या भागाची म्हणून दोन खास कारणे आहेत. एक, पाणी. इथल्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. वाटेत अडला असाल तर कोणतेही पाणी घाला, पण घरी आल्यावर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. दुसरे कारण कापूस. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी या बाजूला हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत बारीक तंतू उडत असतात. ते रेडिएटरच्या जाळीत अडकतात, वर धूळ बसते, आणि नमदा तयार होतो. आत पाणी भरपूर, पंखा जोरात, तरी गाडी तापते. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाने धुवावी. समोरून जोराचा फवारा मारला तर तो नमदा आणखी आत जातो आणि पत्र्या वाकतात.

आमच्याकडच्या अनेक मेकॅनिकांची एक सवय मला पटत नाही. गाडी तापते म्हटले की ते थर्मोस्टॅट काढून फेकतात. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा, इंजिन ऐंशीएक अंशांना पोचले की तो उघडतो. खराब होऊन बंद राहिला तर गाडी तापणारच, तेव्हा तो बदलायला हवा. काढून टाकला की डिसेंबरच्या सकाळी इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जाते, ऑइल लवकर बिघडते. काही इंजिनांत तर तो नसला की पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरते आणि गाडी उलट जास्त तापते. उस्तादही काढून टाकत असत, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

वारंवार पाणी कमी होते पण खाली गळत नाही, असे असेल तर ऑइलचे झाकण उघडून आत पाहा. दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये मिसळते आहे. मग गाडी चालवत घरी नेण्याचा मोह टाळा, ओढून न्या. तसेच धुराचे: निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, दाट पांढरा आणि न थांबणारा म्हणजे पाणी. थंडीत सकाळी पाच मिनिटे दिसणारी पांढरी वाफ हा रोग नव्हे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र रस्त्यावरची कसलीही युक्ती मी सांगणार नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गेला. स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा आहे. गाडी एका अंगाला ओढत असेल तर एखादे चाक धरत नाही. तिन्ही प्रसंगी गाडी तिथेच उभी करा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळते आणि पेडल रिकामे जाते; म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे, त्याहून इंजिन बंद करणारे लोक मी पाहतो. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद केले की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम आहे. उतारावर ब्रेक गेलेच, तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

टायरबद्दल थोडेसे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि तो आमच्या जिल्ह्यातून जातो. गावातल्या रस्त्यावर चाळिसाच्या वेगाने वर्षानुवर्षे चाललेली गाडी त्या तापलेल्या काँक्रीटवर शंभरने पळवली, की जुना टायर फुटतो. नक्षी शिल्लक आहे यावर जाऊ नका, रबर वयानेही मरते. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सहा वर्षांपुढचा टायर घेऊन महामार्गावर जाऊ नये. हवा सकाळी, टायर गार असताना तपासावी. कमी हवेचा टायर जास्त तापतो.

एक नवा प्रश्न मला अलीकडे पुष्कळदा विचारला जातो, तो इथेनॉलचा. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, मारुती ८०० आणि अँबेसेडर २०१४ मध्ये. त्यातही ८०० च्या जुन्या गाड्या कार्बोरेटरच्या. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते किंवा कडक करते, म्हणून पेट्रोलाच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वॉशरे दर सहा महिन्यांनी पाहावीत आणि बदलताना इथेनॉल सोसणारीच मागावीत. टाकीतला जुना गाळही ते सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर दोनदा बदलावा लागतो. ते पाणी शोषते, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर जुनाट पेट्रोल टाकीत ठेवू नका. ॲव्हरेज थोडे कमी होणारच, त्याला इलाज नाही. आणि बॉनेट उघडल्यावर पेट्रोलाचा वास आला तर 'जुनी गाडी आहे, येतोच' असे म्हणू नका. गाड्या पेटतात त्या अशाच नळ्यांमुळे.

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा शेवट ३० ऑक्टोबर २०२३ ला झाला. शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली होती आणि तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या दिवशी लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तिची तपासणी होते. मला ही तपासणी जाच वाटत नाही. आपल्या गाडीच्या ब्रेककडे पाच वर्षांतून एकदा तरी कुणी परका माणूस पाहतो.

आमची फियाट अब्बांनी पुढे विकली. माझ्याकडे आता दुसरी जुनी गाडी आहे. तिच्या डिकीत फॅन बेल्ट, एक होज पाईप, दोन क्लिपा, प्लग, फ्यूज, दहा-अकरा आणि बारा-तेराचा पाना, पक्कड, बॅटरी जोडायच्या वायरी, टॉर्च आणि पाच लिटर पाणी असते. टॉर्चचे सेल मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाहतो. आणि मार्चपासून जूनपर्यंत एक जुना सुती दुपट्टाही घडी करून ठेवलेला असतो. गाडी इंजेक्शनची आहे, तिचा पंप टाकीत आहे, त्याला ओल्या फडक्याची गरज पडत नाही. बायको दरवर्षी विचारते, हा काढू का? मी म्हणतो, असू दे.